भाग क्रमांक ४१२

व्हाग्न केरुल्फनं चाळीस वर्षं होल्मस्ट्रुप गावातले पाण्याचे मीटर वाचले. कुणाच्या तळघरात मीटर कोळिष्टकांमागे दडलाय, कुणाच्या कुत्र्याला पावाचा तुकडा दाखवला की ते गप्प बसतं, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. निवृत्त झाल्यावर पहिले दोन महिने तो घरातलाच मीटर दिवसातून तीनदा वाचायचा. एकदा त्याची बायको आस्टा न्हाऊन बाहेर आली, तर हा दारात उभा. म्हणाला, "अडतीस लिटर."

त्याच दिवशी आस्टा माळ्यावर चढली आणि त्याच्या लहानपणीचे ठोकळे बुटाच्या खोक्यात भरून खाली घेऊन आली. "हे मोज," म्हणाली. पुढं जे काही झालं त्याला आपणच कारणीभूत, असं ती आजही कबूल करते.

ठोकळे टिटवी छाप होते. होल्मस्ट्रुपमध्ये एकेकाळी खेळण्यातल्या ठोकळ्यांचा कारखाना होता, 'व्हीबा' नावाचा. व्हीबा म्हणजे टिटवी. प्रत्येक ठोकळ्याच्या पोटाशी एक तुरेवाली टिटवी उठवलेली असायची. डोळ्याला भिंग लावलं तरच दिसायची. तिथून तासाभरावरच्या दुसऱ्या एका कारखान्याचे ठोकळे जगभर गेले. टिटवी मात्र युटलंड प्रांताच्या बाहेर फारशी उडालीच नाही. बारा वर्षं कारखाना चालला, मग बंद पडला. आता तिथं गाड्यांचे टायर मिळतात.

पण जे जगभर जातं त्याच्यासाठी जगभर माणसं असतात. जे कुठंच गेलं नाही, त्याची मोजदाद करायला गावचाच कुणीतरी लागतो. व्हाग्ननं ती केली. बारा वर्षं केली, म्हणजे जितकी वर्षं कारखाना ठोकळे बनवत होता तितकीच वर्षं हा ते मोजत होता. कोणत्या संचात कोणते भाग, कोणत्या रंगाचे, किती, लांबी-रुंदी किती, कुठल्या साली टिटवीचा तुरा दोन पिसांचा होता आणि कधी तीन पिसांचा झाला, सगळं. पाहुण्यांच्या खोलीत साडेचारशे काचेच्या बरण्या लागल्या. पाहुणे यायचे थांबले. शेवटी तीनशे चाळीस पानांचं पुस्तक छापून आलं: 'टिटवी छाप ठोकळ्यांची संपूर्ण सूची'.

या देशात तीन माणसांना एकच गोष्ट आवडली की ती मंडळ काढतात. अध्यक्ष निवडतात, खजिनदार निवडतात आणि वर्षातून एकदा सभा घेऊन केक खातात. टिटवी मंडळात तर अकरा माणसं होती. अध्यक्ष मोगेन्स. जन्मभर ट्रॅक्टर विकत आल्यामुळे त्याचा आवाज चालू इंजिनावरूनही ऐकू जायचा. आणि सभासदांमध्ये सगळ्यांना धाक कुणाचा, तर गुनहिल्ड थेस्ट्रुपचा. पस्तीस वर्षं तिनं शाळेत गणित शिकवलं होतं. सूची छापायला जाण्याआधी व्हाग्ननं ती तिच्याकडं तपासायला दिली. तीन आठवड्यांनी तिच्याकडून शहाण्णव चुकांची यादी आली. व्हाग्ननं त्यातल्या पंच्याण्णव मान्य केल्या.

शहाण्णवावी होती भाग क्रमांक ४१२.

त्याचं असं झालं. संच क्रमांक ३१, 'डेअरी'. लाल भिंती, पांढऱ्या खिडक्या, उंच धुराडं आणि अंगणात दुधाचे चार कँड. खोक्यावर छापलेलं 'एकशे सत्त्याऐंशी भाग'. आजवर ज्याच्या कुणाच्या घरात हा संच सापडला, त्यात भरायचे एकशे शहाऐंशी. गुनहिल्डचं म्हणणं, खोक्यावरचा आकडाच चुकीचा. व्हाग्नचं म्हणणं, कारखान्याला आपण काय बनवतोय ते कळत नव्हतं की काय? आणि मग एका मेलेल्या दुकानदाराच्या पोटमाळ्यावर व्हाग्नला एक डेअरी सापडली ती चक्क न उघडलेली. कागदाची पट्टी जिथल्या तिथं, डिंकासकट. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पांढरी चादर अंथरून, आस्टाला साक्षीला बसवून त्यानं ती उघडली. तो मोजत गेला, ती रेघा मारत गेली. एकशे शहाऐंशी झाले, आणि खोक्याच्या कोपऱ्यात एक शिल्लक राहिला.

लहानसा, गोल, काळपट तपकिरी, दगडासारखा कडक. त्याच्यावर टिटवी नव्हती.

व्हाग्न त्या रात्री जेवला नाही. सूचीत त्यानं लिहिलं: "भाग ४१२. काळपट तपकिरी. व्यास अकरा मिलिमीटर, उंची सहा. वरची बाजू किंचित फुगीर. उपयोग: बहुधा दुधाच्या कँडाचं झाकण. अत्यंत दुर्मीळ."

"कँड चार आहेत," गुनहिल्ड म्हणाली. "झाकण एकच?"

"तीन उघडे असतील. दूध ओतत असतील."

"आणि टिटवी कुठंय?"

"एवढ्याशा भागावर टिटवी मावेल कशी?"

"याहून लहान भागांवर मावलीय. पान एकशे बारा. तुमचंच पुस्तक."

'तुमचंच', म्हणाली ती. इथं राजाखेरीज कुणी कुणाला अहोजाहो करत नाही. केलं तर समजायचं, बाई मनातून उतरवून बसल्यात. सूची बाहेर पडल्यापासून दोन वर्षं गुनहिल्ड व्हाग्नला अहोजाहोच करत होती. आणि मंडळातले लोक गुनहिल्डला चिडवत होते, कारण दुर्मीळ असं पुस्तकात छापून आल्याबरोबर भाग ४१२ भराभर सापडायला लागला. मोगेन्सला त्याच्या लहानपणीच्या पेटीत सापडला. आयविंड बस चालवायचा. त्याला दोन सापडले. पैकी एक त्यानं एका जर्मन माणसाला दिला आणि बदल्यात 'रेल्वे स्टेशन'चा अख्खा संच आणला. वायले गावच्या एका दंतवैद्यानं तर कळवलं की आपल्याकडं तो फिकट रंगातही आहे. नव्हता तो फक्त गुनहिल्डकडं. सभेत कुणीतरी हमखास म्हणायचं, "गुनहिल्ड, तुझी डेअरी अजून अपुरीच का गं?"

ती म्हणायची, "माझी पूर्ण आहे. जास्तीचं तुमच्याकडं आहे."

यंदाच्या सभेची पत्रिका आली तेव्हा पाचव्या विषयात तिचा ठराव होता: भाग ४१२ सूचीतून वगळावा. खाली पुस्ती: सूचीच्या संपादकांनी मूळ नमुना सभेत दाखवावा, म्हणजे भिंगाखाली साच्याची खूण तपासता येईल.

"बघू दे की," व्हाग्न म्हणाला. त्याला आनंदच झाला. साच्यातून निघालेल्या प्रत्येक भागावर कुठंतरी शेपटी तोडल्यासारखी खूण असते. ४१२ वर ती दिसत नव्हती खरी, पण साठ वर्षांच्या धुळीखाली असेल. धुतला की दिसेल.

ठोकळे धुण्याचं शास्त्र व्हाग्नइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. जुन्या प्लास्टिकला गरम पाणी लागलं की ते पापडासारखं वेडंवाकडं होतं. म्हणून पाणी तीस अंश, एक अंश जास्त नाही. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना वापरतात तो तापमापक त्यानं खास आणला होता. पांढरा वाडगा, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश. सभेच्या आदल्या मंगळवारी सकाळी त्यानं चिमट्यानं भाग ४१२ पाण्यात सोडला, आणि तेवढ्यात फोन वाजला.

मोगेन्स होता. सभेत केक स्ट्रॉबेरीचा असावा की चॉकलेटचा, यावर त्याला संपादकांचं मत हवं होतं. अकरा मिनिटं गेली. मोगेन्सला मत विचारायचं नसतंच, सांगायचं असतं.

व्हाग्न परत आला तर वाडग्यात कॉफी.

निदान त्याला तसं वाटलं. आस्टानं चुकून वाडग्यात कॉफी ओतली म्हणून तो ओरडणार, तोच त्याला तळाशी काहीतरी दिसलं. वाटाण्याएवढं, चिकट, कडा झिजलेलं. त्यानं चिमटा घातला. चिमट्याला तार सुटली.

"आस्टा!"

आस्टा आली. तिनं वाडग्यात पाहिलं, नाक जवळ नेलं, मग बोट बुडवून जिभेला लावलं.

"अगं! साठ वर्षांपूर्वीची वस्तू आहे ती!"

"साबण सोडला तर चव अजून बरी आहे," आस्टा म्हणाली. "ज्येष्ठमधाची खारी गोळी. माझ्या बाबांच्या कोटाच्या खिशात असायची ना, तसली."

व्हाग्न खुर्चीत बसला. मग म्हणाला, "दुर्मीळ लिहिलंय मी."

"हो."

"अत्यंत दुर्मीळ."

"माहितीये मला. तीन वेळा वाचून दाखवलंस तू."

दुपारी आस्टा बाजारातून आली तर तो खिडकीपाशी पाठमोरा उभा. खिडकीत वर्तमानपत्रावर ज्येष्ठमधाच्या पंधरा-वीस गोळ्या मांडलेल्या, आणि हा एकेकीला मोजपट्टी लावतोय. कोपऱ्यावरच्या दुकानातून मूठभर आणल्या होत्या.

"अकरा," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "बरोबर अकरा मिलिमीटर. उंची सहा."

"मग? आणखी काय सिद्ध व्हायचं राहिलंय?"

"सिद्ध नाही गं. हीटरवर ठेवली तर शनिवारपर्यंत ही कडक होईल का, ते बघतोय."

आस्टानं पिशव्या खाली ठेवल्या. "व्हाग्न केरुल्फ, चाळीस वर्षांत कुणाच्या मीटरचा एक आकडा तरी खोटा लिहिलास का तू?"

"नाही."

"पाद्रीणबाईंनी विनवलं होतं तरी?"

"तरी नाही."

"मग आता गोळ्या वाळवायला लागलास?"

त्यानं मान खाली घातली. पण आस्टाच्या पुढच्या वाक्यानं त्याला जास्त लागलं. ती म्हणाली, "आणि एवढं कोडं पडलंय तर एल्नाला का विचारत नाहीस?"

"कोण एल्ना?"

"एल्ना बुंडगोर. व्हीबात खोकी भरायची. मी दर बुधवारी वृद्धाश्रमात पेपर वाचून दाखवते ना, ती. एक्याण्णव वर्षांची आहे. पत्त्यांत सगळ्यांना लुबाडते."

सूचीच्या शेवटी व्हाग्ननं दोन पानं आभार मानले होते. कारखान्याच्या मालकाच्या मुलाचे, साचे करणाऱ्या इंजिनिअरच्या पत्रांचे, छपाईवाल्याच्या नातवाचे. खोकी भरणाऱ्या बायका त्याच्या डोक्यातच आल्या नव्हत्या.

"बारा वर्षं मेलेल्या इंजिनिअरांची पत्रं वाचत बसलास," आस्टा म्हणाली, "आणि जिवंत बाई इथून सायकलच्या टप्प्यावर बसलीय."

"तू मला कधी सांगितलं नाहीस!"

"तू मला कधी विचारलंस? मला वाटलं तुला फक्त ठोकळ्यांत रस आहे."

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. एल्ना वृद्धाश्रमाच्या काचेच्या व्हरांड्यात पत्ते पिसत बसली होती. अंगानं काटकुळी, पण नजर अशी की समोरच्याच्या हातातले पत्ते पाठीमागून वाचेल.

"हा होय तुझा नवरा?" ती आस्टाला म्हणाली. "अरे, हा तर मीटरवाला! दरवर्षी माझ्या तळघरात यायचा. तेवीस वर्षं आलास बघ तू. कधी म्हणून कॉफी घेतली नाहीस."

"कामावर असताना घेत नव्हतो, एल्ना."

"घेतली असतीस तर बोलणं झालं असतं."

व्हाग्ननं खिशातून दह्याचा प्लास्टिकचा पेला काढला. त्यात भाग ४१२ चा उरलेला चिकट अंश होता. एल्नानं चष्मा चढवला, वास घेतला आणि खो खो हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, आस्टानं पाठ चोळली, तरी हसणं थांबेना.

"अगं आई गं! धुराड्याची टोपी!" ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. डेअरीच्या धुराड्यावर बसवायची एक टोपी होती, एकशे सत्त्याऐंशीवा भाग. तिचा साचा दुसऱ्याच आठवड्यात तडकला. तोवर हजारो खोकी छापून झाली होती. नवा साचा जर्मनीहून यायचा होता. "तो अजून यायचाय," एल्ना म्हणाली. आणि फोरमनचा नियम असा की भरलेलं प्रत्येक खोकं काट्यावर ठेवायचं; काटा लाल रेघेला टेकला नाही, तर खोकं परत भरणारीच्या टेबलावर.

"दिवसाला सत्तर-सत्तर खोकी परत! मी काय टोपी पोटातून काढू? माझी बहीण स्टेशनाजवळ टपरी चालवायची. वेड्यावाकड्या, चपट्या झालेल्या गोळ्या ती मला पिशवी भरभरून द्यायची. त्या माझ्या टेबलावर असायच्याच. एकदा वैतागून एक खोक्यात टाकली. काटा बरोबर रेघेवर! मग काय, टाकतच सुटले."

"कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"तिसऱ्या दिवशी फोरमन मागं येऊन उभा राहिला. म्हणाला, 'एल्ना, हे काय आहे?' मी म्हटलं, 'धुराड्याची टोपी.' त्यानं एक उचलून तोंडात टाकली. चघळली. म्हणाला, 'बरी झालीय.' आणि गेला."

"किती खोक्यांत टाकल्यास?" व्हाग्ननं वही उघडली होती.

"सगळ्यांत. तीन वर्षं."

"मग मिळाली कशी नाही कुणाला?"

एल्नानं त्याच्याकडं असं पाहिलं की जणू त्याच्याच डोक्याचा साचा तडकलाय. "मुलं होती ती," ती म्हणाली. "खाल्ली."

शनिवारी दुपारी दोन वाजता गावाच्या सभागृहात टिटवी मंडळाची वार्षिक सभा भरली. टेबलावर लहानसा झेंडा, थर्मासमध्ये कॉफी, आणि स्ट्रॉबेरीचा तीनमजली केक. मोगेन्सचं मत पडलं होतं. आधी प्रथेप्रमाणं सगळ्यांनी उभं राहून एक गाणं म्हटलं. आस्टा एल्नाला गाडीतून घेऊन आली होती. दोघी मागच्या स्वयंपाकघरात बश्या लावत बसल्या. व्हाग्नच्या कोटाच्या खिशात दह्याचा पेला होता.

पाचवा विषय आला. गुनहिल्ड उभी राहिली आणि दोन मिनिटांत बसली. टिटवी नाही, साच्याची खूण नाही, कँड चार आणि झाकण एक, म्हणून वगळा. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

व्हाग्ननं हात वर केला. "मला बोलायचंय."

"तू शेवटी," मोगेन्स म्हणाला. "नमुना सगळ्यात शेवटी, केकच्या आधी. आधी मी."

"मोगेन्स, मी आधी बोललो तर बरं होईल."

"क्रम म्हणजे क्रम!" मोगेन्स गरजला, आणि सुरू झाला. आपल्या ४१२ बद्दल सांगू लागला. तो त्याच्या लहानपणाच्या पेटीत कसा होता, दुधाच्या कँडावर तो स्वतः कसा बसवायचा, कसा 'टक' आवाज व्हायचा. "माझ्या आईलाही तो आवाज आठवायचा," तो म्हणाला. त्याचे डोळे खरंच पाणावले होते. व्हाग्ननं पुन्हा हात वर केला. मोगेन्सनं हातानंच त्याला खाली बसवलं.

मग आयविंड उठला. त्यानं आपला ४१२ कापसात गुंडाळून आणला होता. तो म्हणाला, ज्याला दुसरा दिला त्याच जर्मन जाणकारानं या भागाबद्दल दहा पानांचा लेख लिहिलाय आणि त्यात आयविंडचं नाव दोनदा आलंय. "जर्मन लोक उगाच लिहीत नाहीत," तो गुनहिल्डकडं बघून म्हणाला. दंतवैद्य आला नव्हता, पण त्याचं पत्र वाचून दाखवलं गेलं. त्यात भागाच्या मूळ चकाकीबद्दल एक परिच्छेद होता. आपण एक गोळी पेरली आणि तिला शेत आलं, असं ऐकता ऐकता व्हाग्नला वाटलं.

शेवटी त्याची पाळी आली. तो उठला, खिशातून पेला काढला आणि झेंड्याशेजारी ठेवला.

"हा मूळ नमुना," तो म्हणाला. "मंगळवारी विरघळला. ती ज्येष्ठमधाची गोळी होती. चूक माझी आहे. गुनहिल्डचं बरोबर होतं."



सगळ्यांनी गुनहिल्डकडं पाहिलं. दोन वर्षं चिडवून घेतलेली बाई; आता ती काय काय ऐकवणार! गुनहिल्डनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पाण्याचं तापमान किती होतं?" तिनं विचारलं.

"तीस."

"आणि किती वेळ?"

"अकरा मिनिटं."

"लिहून ठेवलंस ना?"

"ठेवलंय," व्हाग्न म्हणाला. 'ठेवलंस' हे त्याच्या कानात जरा उशिरा शिरलं.

गुनहिल्ड उठून मोगेन्सपाशी गेली आणि तिनं हात पुढं केला. पस्तीस वर्षं मुलांच्या तोंडातून च्युइंगगम काढून घेतलेला हात तो. मोगेन्सनं निमूट आपला ४१२ त्यावर ठेवला. तिनं भिंग लावलं.

"खुर्चीच्या पायाखालचं रबर," ती म्हणाली.

"पण तो 'टक' आवाज..."

"रबर टक वाजत नाही, मोगेन्स. बस खाली."

आयविंडचं निघालं जाड कोटाचं बटण, भोकं मेणानं बुजवलेलं. बटणाला मेण आपण लावलं नाही, सापडलं तेव्हाच तसं होतं, असं आयविंड तीन वेळा म्हणाला. चौथ्या वेळी तो डोकं धरून म्हणाला, "आता त्या जर्मनाला काय सांगू?"

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडून एल्ना आत आली. "किती वेळ लावता रे!" ती म्हणाली. "केकला घाम सुटला." व्हाग्ननं तिला पुढं बोलावून खुर्ची दिली. तिनं आपली हकिकत सांगितली. साचा, काटा, बहिणीची टपरी, फोरमन. "बरी झालीय" या ठिकाणी आयविंडसुद्धा हसला.

"म्हणजे विषय मिटला," व्हाग्न म्हणाला. "ठराव मंजूर करा. ४१२ वगळा."

"थांब," गुनहिल्ड म्हणाली. ती अजून उभीच होती. कपाळावर फळ्यापाशी पडायची ती आठी. "एल्ना, ही गोळी तू कारखान्यात, कामाच्या वेळात, खोक्यात घालत होतीस?"

"हो तर."

"प्रत्येक खोक्यात? फोरमनच्या संमतीनं?"

"चघळून संमती दिली त्यानं."

"आणि ती नसेल तर खोकं कारखान्याबाहेर पडत नव्हतं?"

"काट्यावरूनच परत यायचं."

"मग तो भाग आहे," गुनहिल्ड म्हणाली. "सूचीच्या पहिल्या पानावर व्याख्या दिलीय. कारखान्यानं संच पूर्ण करण्यासाठी खोक्यात घातलेली वस्तू म्हणजे भाग. प्लास्टिकची असावी असं कुठं म्हटलंय? माझा ठराव चुकीचा आहे."

"अगं, पण ती गोळी आहे!" व्हाग्न ओरडला. "खायची गोळी! सूचीत गोळी कशी घालणार? लोक हसतील!"

"हसू देत. बेरीज एकशे सत्त्याऐंशी येते. दोन वर्षं तू बरोबर होतास, फक्त कशाबद्दल ते तुला माहीत नव्हतं."

"मी बरोबर नव्हतो!"

"होतास!"

"मुळीच नव्हतो!"

दोन वर्षं जे दोघं भाग ४१२ वरून एकमेकांचं तोंड बघत नव्हते, ते आता बाजू बदलून भांडायला लागले. गुनहिल्डनं ठराव मागं घ्यायचा प्रयत्न केला. पण मोगेन्सला आपली पत थोडी सावरायची होती; त्यानं नियमावली काढली आणि चर्चा सुरू झालेला ठराव मागं घेता येत नाही हे कलम मोठ्यानं वाचलं. मतदान झालं. वगळण्याच्या बाजूनं दोन मतं पडली, व्हाग्नचं आणि आयविंडचं. आयविंडला ४१२ चं नावही नको होतं. विरोधात सात, त्यात ठराव मांडणारीचं स्वतःचं एक. खजिनदार तटस्थ राहिला. तो गेली नऊ वर्षं प्रत्येक बाबतीत तटस्थ आहे.

सुधारित नोंद गुनहिल्डनं तिथंच बसून लिहिली: "भाग ४१२. ज्येष्ठमधाची खारी गोळी. धुराड्याच्या टोपीऐवजी. भरणारी: एल्ना बुंडगोर. छाप नाही. धुऊ नये."

मग केक खाल्ला गेला. एल्नानं दोनदा घेतला.

आयविंडनं जर्मनाला पत्र लिहिलं, सगळं कबूल केलं. उलट टपाली तीन ओळींचं उत्तर आलं. ते बटण आहे हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण दिलेल्या रेल्वे स्टेशनाचं छप्पर दुसऱ्याच कुठल्या कारखान्याचं होतं, तेव्हा तक्रारीला जागा नाही. लेख मात्र मागं घेता येणार नाही, कारण तो चांगला झालाय. आयविंड पळत जाऊन छप्पर उलटं करून बघून आला. टिटवी नव्हती. वर्षभर ते त्यानं भिंगाखाली पाहिलंच नव्हतं.

व्हाग्न आणि गुनहिल्ड आता दर बुधवारी वृद्धाश्रमात जातात. काचेच्या व्हरांड्यात एल्नासमोर सूची उघडतात आणि पान उलटत जातात. पासष्टाव्या पानावर 'पिवळं दार' आहे. व्हीबानं सगळी दारं पांढरी बनवली. पिवळी फक्त सहा सापडली आहेत. व्हाग्ननं त्यावर चार पानं लिहिली होती, कारखान्यातल्या रंगप्रयोगांच्या कालखंडाबद्दल.

"पांढरा रंग संपला होता," एल्ना म्हणाली. "शुक्रवार होता. घरी जायची घाई होती."

गुनहिल्डनं लाल पेन्सिल पुढं केली. व्हाग्ननं एकेक करून चार पानांवर फुली मारली.

संध्याकाळी घरी आल्यावर आस्टानं विचारलं, "काय, झालं का आजचं काम?"

"चार पानं गेली," व्हाग्न म्हणाला. कोट खुंटीला लावला, वही टेबलावर ठेवली.

"आणि एल्ना कुठवर आलीय?"

"पान सत्तर."

आस्टानं बटाट्यांचं भांडं चुलीवरून उतरवलं आणि झाकण ठेवलं. "एक्याण्णव वर्षांची आहे ती," म्हणाली. "पुढच्या आठवड्यापासून सोमवारीही जात जा."